पाणी बंद, गाव चालू : थेम्सवरची जत्रा आणि मढचा पावसाळा

आजच्या भागात आपण गोठलेल्या नदीवर फिरायला जाणार आहोत. मुंबईत बसून, तेही मढमधून. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस पंखा दोनवर ठेवायचा, एवढंच. पण विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. थोडं ऐका.

आधी लंडन. साल १६८३-८४ चा हिवाळा. थेम्स नदी अशी गोठली की जवळजवळ दोन महिने लंडनकरांनी तिचा रस्ता करून टाकला. बर्फावर दुकानांच्या रांगा लागल्या, घोडागाड्या धावल्या, शर्यती झाल्या, बाहुल्यांचे खेळ झाले, खाणंपिणं तर होतंच. एका छापखानेवाल्याने आपलं यंत्र थेट बर्फावर नेलं. पैसे द्या, तुमचं नाव छापलेलं कार्ड घ्या, खाली लिहिलेलं की हे थेम्सवर छापलंय. आजच्या भाषेत लोकेशन टाकलेला सेल्फीच. राजा दुसरा चार्ल्ससुद्धा कुटुंबासह आला आणि त्याने असं कार्ड छापून घेतलं. या जत्रांना फ्रॉस्ट फेअर म्हणायचे.

इथपर्यंतची गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे मिळते, रंगीत चित्रांसकट. मला जास्त इंटरेस्टिंग वाटला तो पुढचा प्रश्न. ही जत्रा भरवली कुणी?

उत्तर आहे, मुख्यतः नावाड्यांनी. त्या काळात लंडन शहरात थेम्सवर पूल एकच होता, लंडन ब्रिज. बाकी सगळी ये-जा होडीने. हजारो नावाड्यांचं पोट नदीवर. नदी गोठली आणि एका रात्रीत सगळे बेकार. मग त्यांनी वल्ही उभी केली, त्यावर शिडाचं कापड टाकलं आणि दुकानं थाटली. बर्फावर उतरायचे पैसे घेतले. काहींनी होड्यांना चाकं लावून लोकांना फिरवलं. म्हणजे शहरासाठी जी सुट्टी होती, ती नावाड्यांसाठी बंद पडलेल्या धंद्यातून काढलेली वाट होती.

त्या वेळी लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन एव्हलिनच्या डायरीत दोन्ही गोष्टी सापडतात. बर्फावरची मजा आहे, आणि सरपण-कोळसा इतका महागला की गरिबांना जगवायला वर्गणी काढावी लागली, हेही आहे. लंडनचा कोळसा समुद्रमार्गे बोटींनी यायचा. पाणी बंद, की चुली बंद.

आता मढला या.

आमच्याकडे पाणी गोठत नाही, पण दरवर्षी बंद होतं. पावसाळा लागला की समुद्र खवळतो, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. पावसापासून त्या झाकायच्या, म्हणजे शाकारायच्या. त्याआधीच आगोटीची तयारी झालेली असते. वलांड्यांवर वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे डब्यांत भरून ठेवलेले. पुढचे दोन महिने घर त्यावर चालायचं. आपल्या आयटीवाल्यांच्या भाषेत ही दर्याची मेंटेनन्स विंडो. जाळी तुणायची, इंजिन उघडायचं, लाकूड तपासायचं, रंग काढायचा. परराज्यातले खलाशी गावी जातात. एरवी जे पुरुष पहाटे समुद्रावर असतात, ते भरदुपारी किनाऱ्यावर जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून गप्पा मारत बसलेले दिसतात. शेजारी पोरांचा चिखलातला फुटबॉल. लग्नाची बोलणी, सोसायटीची भांडणं, मंडळाच्या मीटिंगा, सगळं याच दिवसांत. आणि शेवटी नारळी पौर्णिमा. मिरवणुकीने सोनेरी नारळ दर्याला द्यायचा, मग बोटी सुटणार.

पूर्वी हे कॅलेंडर समुद्राचं होतं. आता कायद्याचंही आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. सध्या १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना सूट. कारण दुहेरी आहे. समुद्र धोक्याचा असतो, आणि याच काळात बऱ्याच माशांची वीण होते.

गंमत म्हणजे दोन कॅलेंडरं जुळत नाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे नारळी पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला. बंदी उठून तेव्हा महिना झाला होता. २०२४ मध्ये ती १९ ऑगस्टला होती. मग बोट कधी काढायची? कागदावर १ ऑगस्टला मोकळीक. पण शेजारची बोट गेली तर आपण पौर्णिमेपर्यंत थांबायचं कसं? कर्जाचा हप्ता काही श्रावण पाहून येत नाही. म्हणून बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, सगळ्यांनाच सारखी थांबवा, अशी मागणी मच्छीमारांमधूनच होत आली आहे. स्वतःचा धंदा आणखी पंधरा दिवस बंद ठेवा म्हणणारी माणसं! ऑफिसमध्ये मी हे सांगतो तेव्हा कुणाला पटत नाही. पण सगळे एकत्र थांबले तरच थांबणं परवडतं, हे त्यामागचं साधं गणित आहे. गोठलेल्या थेम्सवर नावाड्यांची एकमेकांशी ही स्पर्धा नव्हती, कारण निसर्गाने सगळ्यांना एकदमच थांबवलं होतं.

थेम्सचं पुढे काय झालं? १८१४ च्या फेब्रुवारीत शेवटची जत्रा भरली, जेमतेम चार-पाच दिवस. तेव्हा बर्फावरून हत्ती चालवला म्हणतात. पुढे १८३१ मध्ये नवा लंडन ब्रिज खुला झाला आणि जुना पाडला. जुन्या पुलाचे जाड खांब आणि लहान कमानी पाणी अडवायच्या, बर्फ तिथे साठायचा. ते गेलं, प्रवाह वेगवान झाला. नंतर दोन्ही काठांना बांध घालून नदी अरुंद केली. हवामानही हळूहळू उबदार होत गेलं. शहराच्या मध्यभागी थेम्स पुन्हा तशी गोठली नाही. जत्रा कुणी बंद केली नाही. तिला लागणारी जागाच राहिली नाही.

आपल्याच काळातलं बघायचं तर कॅनडातल्या ओटावा शहरात रिडो कालवा हिवाळ्यात ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा रस्ता होतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दरवर्षी लोक त्यावरून फिरायचे, काही जण ऑफिसलाही जायचे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पुरेसा बर्फच झाला नाही आणि तो पहिल्यांदाच अख्खा सीझन उघडला नाही.

मला मढची काळजी वाटते ती इथे. वर्सोवा-मढ पुलाचा मी विरोधक नाही. तरीने खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात, पण तरी चुकली तर मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. पूल मलाही हवाय. पण पूल आला की जमिनीचे भाव येतात, आणि किनारा हा नकाशात नेहमी 'मोकळी जागा' दिसतो. तो मोकळा नाही. दहा महिने तिथे मासळी वाळते आणि दोन महिने तिथे बोटी झोपतात. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट जसं कीर्तनाचं अंगण आहे, तसा हा किनारा कोळीवाड्याचं अंगण आहे. ते कुणाच्या पार्किंगखाली गेलं, तर बंदीचे ६१ दिवस उरतील, पण ते घालवायला एकत्र जागा उरणार नाही. मग ती फक्त बेकारी.

म्हणून या वेळी एक काम देतो. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील, कोळीवाड्यातले, खाडीकाठचे किंवा नदीकाठचे, तर त्यांना विचारा, पाणी बंद असायचं तेव्हा तुम्ही कुठे बसायचात? नेमकी जागा विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, आणि जमलं तर ती जागा मॅपवर टाका. नकाशात नाव असलेली जागा 'मोकळी' म्हणून खपवणं जरा अवघड जातं.

भेटूया पुढच्या भागात.