बस्तरमधील नागरिक पत्रकार

छत्तीसगडच्या बस्तर विभागात माओवादी आणि सरकारी सशस्त्र दले यांच्यातील संघर्षाच्या बातम्या गावपातळीवरून बाहेर आणणारे वार्ताहर. यांतले बहुतेक पगारी पत्रकार नाहीत. कोणी रायपूरच्या दैनिकांचा स्ट्रिंगर असतो, कोणी यूट्यूब वाहिनी चालवतो, तर कोणाच्या हाती फक्त मोबाइल असतो. भारत सरकार या संघर्षाला यादवी युद्ध मानत नाही आणि जिनिव्हा करारांना 1977 साली जोडलेल्या प्रोटोकॉलांमध्ये भारत सामील नाही. म्हणून युद्धवार्ताहराला जगात जे संरक्षण मागता येते, ते इथे कोणी मागू शकत नाही. उरतो देशाचा फौजदारी कायदा, आणि बस्तरमध्ये तो पुष्कळदा वार्ताहरावरच चालवला गेला आहे.

रायपूर आणि गाव : विजापूर (बिजापूर) रायपूरहून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. दैनिकांची मुख्य कार्यालये, विधानसभा, मंत्रालय आणि कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाचे पत्रकारिता विद्यापीठ, सगळे रायपूर आणि परिसरात. या प्रदेशाला वृत्तपत्रांची जुनी परंपरा आहे. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. 1908 साली त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे ते मुख्यतः रायपुरात राहिले. सप्र्यांना निदान संपादक म्हणून अटक झाली. आजच्या स्ट्रिंगरकडे बहुधा नेमणूकपत्रही नसते. बातमीमागे थोडे पैसे आणि जाहिरातीवर कमिशन, एवढीच त्याची मिळकत. जाहिरात देणारे लोक म्हणजे बरेचदा रस्त्यांचे आणि इमारतींचे ठेकेदार. ज्यांच्या कामाची तपासणी बातमीने करायची, त्यांच्याच पैशावर घर चालते. पोलिसांनी उचलले की वृत्तपत्र ‘हा आमचा माणूस नाही’ असे सांगून मोकळे होऊ शकते. बस्तरच्या वार्ताहराचा पहिला धोका बंदुकीचा नाही, हा आहे. बाकीचे धोके याच उघड्या बाजूने आत येतात.

दोन्हीकडून संशय : माओवाद्यांनी 2013 साली दोन वार्ताहर मारले. फेब्रुवारीत सुकमा जिल्ह्यात नेमीचंद जैन यांना खबऱ्या ठरवून मारण्यात आले. पत्रकारांनी माओवाद्यांच्या बातम्यांवर बहिष्कार टाकल्यावर संघटनेला खेद व्यक्त करावा लागला. डिसेंबरमध्ये ‘देशबंधु’चे साई रेड्डी यांचा बासागुडा गावात खून झाला. याच रेड्डींना 2008 साली पोलिसांनी माओवाद्यांचे साथीदार म्हणून राज्याच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली तुरुंगात टाकले होते. एकाच माणसाला एका बाजूने माओवादी म्हणावे आणि दुसऱ्या बाजूने खबऱ्या म्हणून मारावे, यापेक्षा बस्तरच्या वार्ताहराची स्थिती नेमकी सांगणारे दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

लिंगाराम कोडोपी : नागरिक पत्रकार हा शब्द ज्याला पूर्णपणे लागू पडतो, असा हा दंतेवाडा जिल्ह्यातल्या समेलीचा आदिवासी तरुण. 2009 साली त्याने विशेष पोलीस अधिकारी (स्थानिक तरुणांतून भरलेला साहाय्यक पोलीस) व्हावे म्हणून पोलिसांनी त्याला डांबून ठेवले. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज झाल्यावर तो सुटला आणि दिल्लीकडे जाऊन नोएडात पत्रकारिता शिकला. मार्च 2011 मध्ये ताडमेटला, मोरपल्ली आणि तिमापुरम ही गावे जाळली गेली, तेव्हा त्याने तिथल्या लोकांच्या साक्षी कॅमेऱ्यावर घेतल्या. सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली. एका मोठ्या पोलादकंपनीचे पैसे माओवाद्यांना पोचवत असल्याचा आरोप त्याच्यावर आणि त्याची आत्या सोनी सोरी हिच्यावर ठेवण्यात आला. दोन वर्षांनी जामीन मिळाला. निर्दोष सुटका व्हायला मार्च 2022 उजाडला. मधल्या काळात, 2016 साली, सीबीआयने ताडमेटल्याच्या जाळपोळीबद्दल विशेष पोलीस अधिकाऱ्यांवरच आरोपपत्र ठेवले. लिंगारामने कॅमेऱ्यात धरले ते खरे होते, पण तोवर त्याची उमेदीची वर्षे कोठडीत आणि तारखांत गेली होती.

2015 आणि 2016 : या दोन वर्षांत अटकांची रांग लागली. सोमारू नाग आणि संतोष यादव यांना 2015 साली पकडले. नाग वर्षभरात, तर यादव 2020 साली निर्दोष सुटले. प्रभात सिंह यांना मार्च 2016 मध्ये व्हॉट्सॲपवरच्या मजकुरासाठी अटक झाली. जगदलपूरहून लिहिणाऱ्या मालिनी सुब्रमण्यम यांच्या घरावर दगडफेक झाली आणि त्यांना शहर सोडावे लागले. त्याच वर्षी एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेचे पथक येऊन गेले. निर्भयपणे काम करतो असे ठामपणे सांगणारा एकही पत्रकार त्याला भेटला नाही. न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीने 2016 चा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुब्रमण्यम यांना दिला. आदल्या वर्षीचा मान सीरियातल्या रक्का शहरातून लपूनछपून बातम्या पाठवणाऱ्या नागरिकांच्या गटाला मिळाला होता.

सीजीनेट स्वर : बीबीसीत काम केलेले शुभ्रांशु चौधरी यांनी फेब्रुवारी 2010 मध्ये सुरू केलेली ही सेवा साध्या फोनवर चालते. गावकरी क्रमांक लावून गोंडी, कुडुख किंवा हिंदीत निरोप ध्वनिमुद्रित करतो; तपासून तो इतरांना ऐकवला जातो. हातपंप बंद, रोजगार हमीची मजुरी थकली, मास्तर येत नाही, अशा तक्रारी त्यातून बाहेर आल्या. बोलणाऱ्याचे नाव आणि गाव मात्र निरोपातच असते. ज्या गावात फोन बाळगणाऱ्यावर माओवाद्यांचा संशय आणि माहिती देणाऱ्यावर पोलिसांचा डोळा, तिथे हे धाडस आहे.

मुकेश चंद्राकर : मूळ बासागुड्याचे, माओवाद्यांविरुद्ध उभारलेल्या सलवा जुडुम मोहिमेच्या काळात कुटुंब विस्थापित झाले. ‘बस्तर जंक्शन’ ही त्यांची यूट्यूब वाहिनी. एप्रिल 2021 मध्ये तर्रेमच्या चकमकीत 22 जवान मारले गेले आणि राकेश्वर सिंह मनहास हा सीआरपीएफच्या कोब्रा पथकाचा जवान माओवाद्यांच्या हाती लागला. त्याला सोडवून आणायला जंगलात गेलेल्या मंडळीत मुकेश होते. डिसेंबर 2024 मध्ये गंगालूरकडच्या रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी त्यांच्या मदतीने राष्ट्रीय वाहिनीवर आली. 1 जानेवारी 2025 ला ते बेपत्ता झाले. 3 जानेवारीला विजापुरात एका ठेकेदाराच्या आवारातल्या, नव्याने सिमेंटने बंद केलेल्या सेप्टिक टँकमध्ये मृतदेह सापडला. ठेकेदाराला हैदराबादेत अटक झाली. माओवादी आणि पोलीस या दोघांतून वाट काढत आलेल्या माणसाचा जीव रस्त्याच्या पैशावरून गेला, हे नीट लक्षात घ्यावे. संघर्षग्रस्त भागात विकासकामांचा पैसा बंदोबस्तात, बाहेरच्या नजरेआड खर्च होतो. तो मोजायला जाणारा एकटा स्थानिक वार्ताहर असतो.

कायदा : न्यायमूर्ती आफताब आलम यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यानंतर 22 मार्च 2023 रोजी रायपूरच्या विधानसभेने माध्यमकर्मी सुरक्षा विधेयक संमत केले. माध्यमकर्मींची नोंदवही ठेवण्याची त्यात तरतूद आहे, म्हणजे पगारपत्रकावर नसलेल्यालाही वाट आहे. ते संमत झाल्यावर दोन वर्षांच्या आत मुकेश मारले गेले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने असा कायदा 2017 मध्येच संमत केला. इंद्रावतीच्या अलीकडे, आपल्या गडचिरोलीतही वार्ताहर याच परिस्थितीत काम करतात. पण महाराष्ट्राच्या कायद्यातला माध्यमकर्मी हा संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीवर असलेला माणूस आहे. नेमणूकपत्र नसलेला स्ट्रिंगर आणि मोबाइलवर गावची बातमी देणारा नागरिक त्या व्याख्येत बसत नाही.