दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : अंतर एकच, प्रवासाचे तास मात्र वेगवेगळे

दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. प्रवासी विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा सर्वसाधारण वेग धरला, तर हा प्रवास पावणेचौदा तासांत पूर्ण व्हावा. संगणकावर अंतर शोधणाऱ्यास बहुधा असाच भागाकार उत्तरादाखल मिळतो. प्रत्यक्षात विमाने या मार्गाने जात नाहीत.

दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे १६० अंशांचा फरक आहे. म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना वसलेली आहेत. त्यामुळे त्यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे झेपावते आणि तिबेट, सैबेरिया, आर्क्टिक महासागर व अलास्का ओलांडून कॅलिफोर्नियात उतरते. सपाट नकाशावर हा मोठा वळसा भासतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो उलगडतो. मात्र पहिलाच अडसर तिबेटचा आहे. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटल्यास विमान तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच १४,००० फुटांहून अधिक असल्याने विमान कंपन्या शक्यतो ते टाळतात.

अंतर आणि वेळ यांचे नाते किती सैल असते, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसून आले. एअर इंडियाने अटलांटिकवरून जाणारा सुमारे १३,९०० किलोमीटरचा मार्ग सोडून दिल्लीहून प्रथमच प्रशांत महासागरावरून विमान नेले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटरने अधिक लांब होता. तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. याचे कारण वारा. या अक्षांशांवर उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेस निघालेल्या विमानाला ते सामोरे येतात, तर पूर्वेस निघालेल्याला पाठीमागून रेटा देतात. परतीचे विमानही अटलांटिकवरून पूर्वेकडेच येत असल्याने ही फेरी म्हणजे एका अर्थी पृथ्वीप्रदक्षिणाच ठरली.

घड्याळाचा खेळ याहून गमतीचा आहे. उन्हाळी वेळेत सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेबारा तास मागे असते. त्यामुळे पहाटे दिल्लीहून निघालेले हे विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून त्याच तारखेला सकाळी तेथे उतरले. स्थानिक घड्याळांनुसार प्रवासाला लागले अवघे दोन तास.

वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. राजकारणाचा बांधणे कठीण. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले हवाई क्षेत्र बंद केल्यानंतर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात थांबणे भाग पडले. वाढीव इंधन सोबत न्यायचे, तर तेवढे प्रवासी किंवा मालवाहतूक कमी करावी लागते. त्यामुळे लांबलेल्या तासांचा भार प्रवाशांबरोबर कंपन्यांवरही पडतो.

पुढील विमान गाठायचे असलेल्या प्रवाशाने म्हणूनच किलोमीटरच्या हिशेबावर विसंबू नये. वेळापत्रकातील कालावधी पाहावा. धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर थांब्यावर पोहोचण्याचा वेळही त्यात धरलेला असतो. हिवाळ्यात अमेरिकेतील घड्याळे तासभर मागे जातात, तेव्हा दोन्ही शहरांतील फरक साडेतेरा तासांचा होतो.