तबकडीमागचा वाटा

यंत्र पोटावर पाय देते, ही तक्रार आम्ही कामगारांच्या तोंडून पुष्कळ ऐकली. परंतु आपल्याच हातांनी ते यंत्र भरून देणारा कामगार पाहावयाचा, तर वाजविणाऱ्याकडे पाहावे. त्याने एकदा वाजवावे, तबकडीने हजारदा. आणि पुढचे बोलावणे मात्र बंद!

अमेरिकेतील वादकांच्या संघाने हे दुखणे ओळखले. अध्यक्ष जेम्स पेट्रिलो हा शिकागोचा ट्रंपेटवाला, मोठा हडेलहप्पी गडी. १ ऑगस्ट १९४२ पासून त्याने ध्वनिमुद्रण बंद पाडले. दिवस युद्धाचे, वृत्तपत्रांनी झोड उठविली. ऑक्टोबर १९४४ मध्ये खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली, तरी गडी हलला नाही. गायक संघात नव्हते, म्हणून कंपन्यांनी वाद्यांविना, नुसत्या गळ्यांवर गाणी काढून पाहिली! अखेर डेक्का कंपनी सप्टेंबर १९४३ मध्ये नमली. व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ मध्ये.

मागणी काय होती? दर तबकडीमागे अल्पशी रक्कम संघाच्या निधीत पडावी. त्यातून बेकार वादकांना मेहनताना देऊन लोकांसाठी फुकट जलसे व्हावेत. म्हणजे वाटा एकट्या वाजविणाऱ्याचा नव्हे, साऱ्या बिरादरीचा. आम्हांला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने असा निधी संघाच्या हाती ठेवण्यास मनाई केली. १९४८ मध्ये पुन्हा संप झाला आणि निधी त्रयस्थ विश्वस्ताकडे गेला.

पण हा वाटा विकलेल्या प्रतीला बांधलेला. १९९९ मध्ये नॅपस्टरवरून गाणी फुकट फिरू लागली. २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणे विकले. २००८ मध्ये स्पॉटिफाय आले, तेथे प्रत विकलीच जात नाही. वर्गणी व जाहिरातींचा पैसा एका हंड्यात पडतो. त्यातला सुमारे दोन तृतीयांश, कोण किती वाजले त्या प्रमाणात हक्कदारांस जातो. हक्कदार बहुधा कंपनीच. कलावंताला तिच्याशी झालेल्या कराराप्रमाणे. बड्या कंपन्यांनी तर आरंभीच स्पॉटिफायचे भाग घेतले होते, म्हणजे विकणारा तोच आणि दुकानातला भागीदारही तोच! शिवाय २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याच्या मुद्रणाला तेथे एक पैही मिळत नाही.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कायदा एक पाऊल पुढे गेला. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, तर गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळावयाचा, आणि तो कंपनीला लिहून देता येत नाही. नाइलाजाने सही करणाऱ्याला असाच कायदा हवा.

पेट्रिलोचा निधी मात्र तबकड्यांची विक्री घटली तसा आटत गेला.