दत्तक बॅटमॅन

पहिला भाग मी अर्धाच पाहिला. वय झालेला बॅटमॅन एका पळवून नेलेल्या मुलीला सोडवायला जातो, झटापटीत त्याच्या छातीत कळ येते, मार पडू लागतो आणि जीव वाचवण्यासाठी तो जवळच पडलेलं पिस्तूल उचलतो. एवढं दिसलं आणि वीज गेली. २००३-०४ च्या सुमाराचं भिवापूर. शेजारी उमरेडला कोळशाची खाण, नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं, आणि आमच्या गावात भारनियमन.

पुढचं कथानक दुसऱ्या दिवशी शाळेत एका मित्राने सांगितलं. त्यातलं निम्मं त्याच्या पदरचं होतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली. गेल्या पावसाळ्यात 'बॅटमॅन बियॉन्ड'चे बावन्नही भाग ओळीने पाहिले. लहानपणी त्यात मला उडत्या गाड्या आणि लाल पंखांचा काळा पोशाख दिसला होता. या वेळी म्हातारा दिसला.

मालिका अमेरिकेत १० जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि डिसेंबर २००१ मध्ये संपली. ब्रूस टिम, पॉल डिनी आणि ॲलन बर्नेट हे तिचे कर्ते. १९९२ पासूनची बॅटमॅनची गाजलेली कार्टून मालिका याच मंडळींच्या हातची. वाहिनीला मात्र आता शाळकरी वयाचा बॅटमॅन हवा होता. मागणी पुरी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ब्रूस वेनलाच सोळा-सतरा वर्षांचा करून टाकणं. कर्त्यांनी उलट केलं. त्यांनी त्याला पार म्हातारा केला, हातात काठी दिली, सोबतीला एक कुत्रा दिला आणि टेरी मॅकगिनिस नावाचा पोरगा बाहेरून आणला. मालिकेच्या कालगणनेत हे साल २०३९ च्या आसपासचं. पिस्तुलाचा प्रसंग त्याच्या वीस वर्षं आधीचा, म्हणजे २०१९ चा. भविष्य म्हणून पाहिलेलं ते साल आपण मागे टाकलंसुद्धा. त्याच २०१९ मध्ये आमची इतवारी-नागभीड छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या शिट्टीवर गावातली घड्याळं लागायची.

पिस्तुलाचं काय झालं ते सांगून टाकतो. गोळी सुटतच नाही, गुंड घाबरून पळतो. पण ज्याचे आईबाप गोळीने गेले आणि ज्याने जन्मभर बंदूक वर्ज्य मानली, त्याने ती कोणावर तरी रोखली, एवढंच त्याला पुरतं. तो गुहेत परततो, पोशाख उतरवून ठेवतो, दिवे मालवतो. मित्राच्या गोष्टीत इथे मोठा बॉम्बस्फोट होता.

वीस वर्षांनी टेरीच्या वडिलांचा खून होतो आणि मारेकऱ्यांचा माग काढायला तो म्हाताऱ्याचा पोशाख चोरून नेतो. भर मारामारीत म्हातारा दुरूनच एक कळ दाबतो, आणि पोशाख जागच्या जागी निर्जीव होतो. हे पाहताना मला हसू आवरेना. भारनियमनच की हे! सातबारा आजोबांच्या नावावर आणि राबणारे हात नातवाचे, अशी घरं आमच्या तालुक्यात कमी नाहीत. तिथल्या कुठल्याही पोराला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पोरगा विनवतो, म्हातारा वीज परत सोडतो. पुढे जगाला सांगायला टेरी हा वेनसाहेबांकडे कामाला ठेवलेला, पडेल ते काम करणारा पोरगा. आमच्याकडच्या भाषेत सालदार.

एका भागात ब्रूस वेनला तारुण्य परत मिळवून देणारं कुंड दाखवलं जातं. त्याची जुनी प्रेयसी तालिया त्याला तिथे नेते. ती स्वतःही तरुणच राहिलेली. तो मोहात पडतो, तरुण होऊन बाहेर येतो आणि मग कळतं, की तालियाच्या देहात तिचा बाप शिरून बसला आहे. मुलीचं आयुष्य बापाने घेतलं. खांडेकरांच्या 'ययाति'वर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे थांबावंच लागतं. ययातीने मुलाचं तारुण्य मागून घेतलं. ब्रूस वेन ते नाकारतो आणि पुन्हा काठी हातात घेतो. वीस-बावीस मिनिटांच्या कार्टूनमध्ये मुलांसमोर हे मांडायचं म्हणजे छाती हवी.

खलनायकही घरातलाच म्हणायचा. डेरेक पॉवर्सने वेनच्या कंपनीवर ताबा मिळवून तिला आपलं नाव जोडलं आहे. तिथे चोरून विषारी वायू तयार होतो, एका कामगाराला त्याची बाधा होते, टेरीच्या वडिलांच्या हाती पुरावा लागतो, म्हणून ते मारले जातात. पुढे तोच वायू पॉवर्सच्या अंगावर येतो. त्यावरच्या किरणोत्सारी उपचाराने त्याचा देह हिरवा चकाकणारा सांगाडा होतो, आणि वर कृत्रिम कातडी चढवून तो कंपनीच्या बैठकांना बसतो. नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर भोपाळ आहे. १९८४ आठवायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. या खलनायकाचं नाव ब्लाइट. लहानपणी मला ते नुसतं कडक वाटायचं. अर्थ कितीतरी नंतर पिकांच्या रोगांवरच्या एका पत्रकात सापडला: करपा. मिरचीवाल्याच्या पोराला याहून जास्त काय सांगायला हवं होतं?

आणखी एक भाग १९९९ चाच. त्यात शाळकरी मुलं फॅशन म्हणून प्राण्यांची जनुकं टोचून घेतात आणि शिंगं-खवले मिरवतात. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. तो भाग मी पाहिला तेव्हा जनुकांची चर्चा गावातल्या कृषी केंद्राच्या ओट्यावर रंगू लागली होती. विज्ञानाला नावं ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही, अळीने बेजार झालेल्याने बीटी का घेतलं ते मी पाहिलं आहे. पण संकरित बियाण्याचं पाकीट दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं. भिवापुरी मिरचीचं बी मात्र घरचं असतं. शेतातलं उत्तम झाड हेरायचं, त्याची फळं वेगळी ठेवायची, बी वाळवून पुढच्या वर्षाला राखायचं. आज तिला भौगोलिक मानांकन आहे, सातऱ्यांवर बायका मिरचीची देठं खुडत बसलेल्या अजून दिसतात. पण त्या ढिगात अस्सल भिवापुरी किती, हे जाणत्याला विचारा. कापूस, सोयाबीन आणि संकरित वाण यांनी तिची जागा कधीच घेतली.

वारस पोटचा की केलेला, हा प्रश्न नागपूर प्रांताला नवा नाही. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्राविना वारले. राजघराण्याने यशवंतरावांना दत्तक घेतलं. ते पुढे दुसरे जानोजी म्हणून ओळखले गेले. डलहौसीने दत्तकाचा हक्क मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातलं जडजवाहीर लिलावाला निघालं. रक्ताचा वारस नसेल तर सगळं कंपनीचं, हा हिशेब आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी ऐकलेला. बॅटमॅनच्या गोष्टीतही वारसा गिळायला कंपनीच टपून बसली आहे, हा योगायोग मला सोडवत नाही.

म्हणूनच २००५ चा तो भाग मला खटकतो. मालिका संपल्यावर चार वर्षांनी, 'जस्टिस लीग अनलिमिटेड'मध्ये याच कर्त्यांपैकी ब्रूस टिमच्या चमूने टेरीची कहाणी पुरी केली. त्यात उघड होतं, की अमांडा वॉलर नावाच्या सरकारी बाईने गुपचूप घडवून आणलेला टेरी हा जैविकदृष्ट्या ब्रूस वेनचाच मुलगा. नव्या बॅटमॅनची तजवीज म्हणून! टेरीचे आईवडीलही तसेच मारायचं ठरलं होतं, पण मारेकरणीने ऐन वेळी नकार दिला. पुढचं सगळं टेरीने स्वतः निवडलं, हे वॉलरच त्याला सांगते, तेवढी सफाई लेखकांनी ठेवली आहे. तरीही माझ्या मते नुकसान झालंच. बावन्न भाग ज्याने मार खाऊन, चुका करून पोशाख कमावला, त्याच्या हातावर शेवटी जन्मदाखला ठेवला. डलहौसीचंच म्हणणं खरं ठरवलं.

हे मी तावातावाने लिहितो आहे, पण एक कबूल केलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी बाबांनी घरच्या मिरचीचं बी आमच्या सालदाराच्या मुलाच्या हवाली केलं. मला फोनवर सहज सांगितलं. मी पुण्यात, महिन्याच्या पगारावर. शेतात शेवटचा कधी उतरलो ते आठवत नाही. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. ते बी माझं होतं, असं काहीतरी मनात येत राहिलं.

गेल्या फेब्रुवारीत घरी गेलो तेव्हा तो मुलगा अंगणात लाल मिरचीच्या ढिगातून बियाण्याची फळं निवडत होता. बाबा ओट्यावरून नजर ठेवून होते. त्याने वेगळ्या काढलेल्या दहांतली चार तरी ते परत ढिगात टाकायला लावत.

"सालीवर डाग हाये, दिसत नाही का बे तुले?"

तो मुकाट्याने दुसरं फळ उचलून त्यांना दाखवी. मीही जाऊन त्याच्या शेजारी बसलो, एक बरंसं फळ शोधून बाबांसमोर धरलं. त्यांनी ते नीट पाहिलंही नाही.

"राहू दे. तू आत जाऊन चहाचं सांग."