आफ्रिकन सिक्लिड मत्स्यालय

आफ्रिकन सिक्लिड मत्स्यालय म्हणजे पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या सरोवरांतील सिक्लिड कुळातील माशांसाठी उभारलेले गोड्या पाण्याचे मत्स्यालय होय. घरगुती टाक्यांत प्रामुख्याने मलावी सरोवरातील मासे आढळतात. त्यांचे निळे-पिवळे रंग समुद्री माशांची आठवण करून देतात, मात्र त्यांना खारे पाणी लागत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथील दुकानांतून हे मासे मिळतात आणि पनवेल परिसरातील हौशी मंडळीही बहुधा तेथूनच ते आणतात.

सिक्लिड कुळ भारताला सर्वस्वी परके नाही. गोव्यात काळुंदर म्हणून ओळखला जाणारा चवदार मासा याच कुळातला असून भारतात या कुळाच्या तीन देशी जाती आहेत. महाराष्ट्रात चिलापी या नावाने विकला जाणारा तिलापिया हा मासाही आफ्रिकन सिक्लिडच आहे. मात्र तो शोभेसाठी आलेला नसून 1952 मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला.

पाण्याचे स्वरूप

मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून त्याचा सामू, म्हणजेच पीएच, साधारणतः 7.8 ते 8.6 असतो. टांगानिकाचा सामू त्याहून अधिक, 9 च्या आसपास असतो. पनवेल शहराला गाढी नदीवरील देहरंग धरणातून, तसेच पाताळगंगेतून पाणी मिळते. बेसाल्ट खडकाच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे हे पाणी सामान्यतः सुफेन असते, म्हणजे त्यात साबणाला चटकन फेस येतो. पिण्यासाठी व धुण्यासाठी ते उत्तम असले तरी मलावीच्या माशांना पुरेसे क्षारयुक्त नसते. कूपनलिकेच्या पाण्यात क्षार जास्त असतात, परंतु खाडीलगतच्या भागात त्यात मिठाचाही अंश असू शकतो. त्यामुळे पाण्याची तपासणी केल्याशिवाय ते वापरू नये.

पाण्याची क्षारता वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा वापरतात. 100 लिटर पाण्यात 3 ग्रॅम सोडा घातल्यास कार्बोनेट क्षारता लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅमने वाढते. मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठ घालतात. स्वयंपाकाच्या मिठाने यांतले काहीही साधत नाही, तरीही दुकानदार तेच देतात. कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकला जाणारा शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवल्यास पाणी हळूहळू दुष्फेन होते. प्रवाळाचा चुरा मात्र टाळावा, कारण भारतातील प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

टाकीची मांडणी

पहिल्या मत्स्यालयासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी किमान समजावी. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे 255 लिटर पाणी मावते. पाणी, दगड, काच व घडवंची यांचे एकत्रित वजन 350 किलोपर्यंत जाते. म्हणून सदनिकेत ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईला लागून, भिंतीकडेला ठेवतात.

मलावीतील खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना ‘म्बुना’ म्हणतात. त्यांना लपण्यासाठी कपारी हव्यात. सह्याद्रीचा काळा पाषाण त्यासाठी चालतो, पण त्यामुळे पाण्याच्या गुणधर्मांत फरक पडत नाही. शहाबादी फरशीचे तुकडे चुनखडीचे असल्यामुळे थोडी क्षारताही देतात. दगड रेतीवर न रचता थेट तळाशी थर्माकोलच्या पत्र्यावर रचावेत. हे मासे रेती उकरतात आणि रेतीवर रचलेला ढीग कोसळल्यास काच फुटते.

नत्रचक्र

माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवशिक्यांचे बहुतेक मासे याच काळात दगावतात. आफ्रिकन सिक्लिडांच्या बाबतीत धोका अधिक असतो, कारण अमोनियाचा विषारी अंश सामूबरोबर वाढतो. 27 अंश तापमानाला सामू 7 असताना तो शेकडा 1 हून कमी असतो, तर 8.4 असताना शेकडा 14 च्या आसपास जातो. म्हणून नत्रचक्र मासे सोडण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागते. त्यासाठी रिकाम्या टाकीत थोडे खाद्य कुजवावे किंवा जुन्या टाकीतील वापरता स्पंज आणून ठेवावा. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याखाली धुतल्यास क्लोरिनमुळे जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

दर आठवड्याला सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलतात. पनवेलमध्ये उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. त्या दिवसांत 60 लिटर पाणी ओतून देणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते. हे पाणी नायट्रेटयुक्त असल्यामुळे झाडांना घालता येते, मात्र त्यातील सोड्यामुळे नाजूक रोपांना ते वारंवार घालू नये. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आल्यास क्लोरिनाची मात्रा वाढवली जाते, तेव्हा क्लोरिननाशक वापरणे आवश्यक ठरते. वीज गेल्यास फिल्टर बंद पडतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मासे वाचवतो.

मासे व आहार

सुरुवातीला ‘यलो लॅब’ म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस ही सौम्य जात घेतात. दिसायला देखणा असलेला ‘ऑरेटस’ वयात आल्यावर टाकीतील इतर माशांना जगू देत नाही. नर हद्दीसाठी भांडतात. म्हणून एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात, आणि आक्रमकता विखुरली जावी म्हणून टाकी एरवीपेक्षा थोडी दाट भरतात. म्बुना मुख्यत्वे खडकावरील शेवाळ खरवडून खातात व त्यांचे आतडे लांब असते. जवळा वा ट्युबिफेक्स अळ्या त्यांना सतत दिल्यास पोट फुगून ते मरतात. स्पिरुलिनायुक्त खाद्य आणि अधूनमधून उकडलेला पालक त्यांना मानवतो.

प्रजनन व पिल्लांचा प्रश्न

म्बुना मादी अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे उबवते. या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. टाकीत योग्य स्थिती असल्यास पिल्ले वारंवार होतात आणि वर्षभरातच जागा अपुरी पडते. अशा वेळी काही पालक ती तळ्यात सोडून देतात. पनवेलमधील वडाळे तलाव किंवा गाढी नदी त्यासाठी सोयीची वाटते. ही भूतदया नव्हे. चिलापी राज्यातील अनेक जलाशयांत पसरून देशी माशांशी स्पर्धा करते. शोभेचा म्हणून आणलेला सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो व जाळी फाडतो. ज्या व्हिक्टोरिया सरोवरातून काही सिक्लिड येतात, तेथेच 1950 च्या दशकात नाईल पर्च हा परका मासा सोडल्यानंतर सिक्लिडांच्या सुमारे 200 जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असे मानले जाते.

जादा पिल्ले दुकानदाराला परत द्यावीत किंवा दुसऱ्या हौशी पालकाकडे सोपवावीत. तसे शक्य नसल्यास टाकीत एकाच लिंगाचे मासे ठेवतात. केवळ नरांचे मत्स्यालय त्यासाठी पसंत केले जाते, कारण ‘पीकॉक’ गटातील सिक्लिडांत भडक रंग नरांनाच असतात आणि माद्या करड्या असतात.