बॉनेट उघडा आणि नळी शोधा

1955चा सप्टेंबर. तुम्ही लॉस एंजेलिसच्या फिगेरोआ रस्त्यावर उभे आहात. भर दुपार आहे, आभाळात ढग नाही, तरी पलीकडचे डोंगर दिसत नाहीत. डोळे चुरचुरतायत, घसा खवखवतोय. हे धुरकं कशाचं, ते कॅल्टेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी 1952मध्येच सांगून ठेवलंय: न जळलेल्या पेट्रोलच्या वाफा, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वरून कडक ऊन. जो तो सायलेन्सरकडे बोट दाखवतो. तुम्ही जरा वाका आणि गाडीच्या पोटाखाली बघा.

सिग्नलला नवीकोरी व्ही-8 शेव्हरोले उभी आहे. इंजिनाच्या मागच्या अंगाने एक नळी खाली रस्त्याकडे उतरलीय. तिच्या तोंडातून निळसर धूर निघतोय आणि कडेला तेलाचा थेंब साचलाय. तो पडतो. आता रस्त्याकडे बघा: प्रत्येक लेनच्या मधोमध काळपट पट्टा आहे. असल्याच नळ्यांतून थेंबाथेंबाने झालेला.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा दाब निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. आपल्याकडचे मिस्त्री ऑइलचं टोपण काढून, धूर बघून ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात, तो हाच. त्यात बरंचसं न जळलेलं मिश्रण असतं, शिवाय पाण्याची वाफ आणि आम्लं. हे कोंडून ठेवलं तर सील ढकलून तेल बाहेर येतं आणि तेलाच्या चेंबरमध्ये काळा गाळ धरतो. म्हणून ही नळी. गाडी पळते तेव्हा नळीच्या टोकाशी वाऱ्याची ओढ तयार होते, आतली वाफ खेचली जाते. तिच्या जागी वरच्या टोपणाच्या जाळीतून ताजी हवा येते.

पण ही शेव्हरोले उभी आहे. वारा नाही, म्हणजे ओढही नाही. शहरात सिग्नल-सिग्नल करत फिरणाऱ्या गाडीला वायुवीजनाची गरज सर्वांत जास्त आणि तिलाच ते सर्वांत कमी मिळतं. या योजनेतली ही खोट मला फार मोठी वाटते.

मागे लष्कराची जुनी विलिस जीप येऊन थांबलीय. तिचं बॉनेट उघडा. क्रँककेसमधली वाफ एका छोट्या व्हॉल्व्हमधून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये जातेय, पुन्हा जळायला. चिखलातून रांगत जाणाऱ्या गाडीला वाऱ्याच्या भरवशावर राहून चालत नाही. म्हणजे उपाय युद्धातच हाताशी होता, आणि तरी इथे लाखो गाड्या रस्त्यावर वाफ सोडतायत. मला याचा राग येतो.

आता 1961मध्ये या. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत ती नळी दिसत नाही. तिच्याऐवजी रबरी होज आहे आणि मध्ये बोटाएवढा पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह. तो काढून कानाशी हलवा: खट्खट् वाजतो. आत स्प्रिंगवर बसलेली छोटी खिळी आहे. गाडी स्लोवर असताना मॅनिफोल्डची ओढ जबर असते. ती खिळीला खेचून वाट अरुंद करते, नाहीतर जादा हवेने मिश्रण पातळ होऊन इंजिन बंद पडलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग खिळीला मागे लोटते, वाट रुंदावते. रिंगांपाशी निसटणारा दाब, म्हणजे ब्लो-बायही तेव्हाच जास्त असतो. कार्ब्युरेटरने बॅकफायर मारलाच, तर खिळी उलटी बसून वाट बंद करते, ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचत नाही.

गाडीतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा त्या जुन्या नळीच्या वाटेने जायचा. 1963पासून अमेरिकेतल्या इतर राज्यांतही नव्या गाड्यांवर हा व्हॉल्व्ह येऊ लागला. तरी ऑइलचं टोपण अजून जाळीचंच आहे. चढावर पूर्ण रेस दिली की व्हॉल्व्हला न झेपणारी वाफ तिथून सुटते. ती बंद करायला टोपण सीलबंद झालं आणि ताजी हवा एअर क्लीनरमधून होजने आत येऊ लागली. देशभरच्या नव्या गाड्यांत हे 1968च्या मॉडेलपासून आलं.