गती (आळीपाळीच्या खेळांतील)

आळीपाळीने खेळायच्या खेळांत चालींचा वेग घड्याळाने मोजत नाहीत. खेळाडू खेळी करत नाही तोवर पटावरचे सारे जग थांबून राहते. त्यामुळे इथे गती म्हणजे एका पाळीत किती घरे कापता येतात, किंवा समोरच्याच्या एका पाळीमागे आपल्याला किती पाळ्या मिळतात, याचा हिशेब. बुद्धिबळ, सारीपाट आणि संगणकावरचे भुयारी खेळ या तिन्हींना तो लागू पडतो.

भुयारी खेळांची परंपरा १९८० च्या ‘रोग’ या खेळापासून धरतात. १९८७ मध्ये आलेल्या ‘नेटहॅक’मध्ये नायकाची मूळ गती १२ आहे. पालीसारख्या ‘न्यूट’ची गती ६, म्हणजे नायकाच्या दोन पाळ्यांत त्याची एक. ‘सोल्जर अँट’ या मुंगीची गती १८, म्हणून तिला दोन पाळ्यांत सरासरी तीन कृती मिळतात. ती अंगाशी भिडल्यावर नायक पळू लागला तर काय होते? तो दोन घरे सरकतो. मुंगी दोन कृतींत तितकेच अंतर भरून काढते आणि उरलेल्या तिसऱ्या कृतीत चावा घेते. दहा घरे पळाल्यास साधारण पाच हल्ले पाठीवर, आणि आपला मात्र एकही वार नाही. वेगवान शत्रूपुढे पळण्यापेक्षा अरुंद बोळात पाय रोवून लढावे, हा या खेळांतला पहिला धडा याच गुणोत्तरातून निघतो. ‘अँगबँड’मध्ये प्रत्येकाच्या खात्यात ऊर्जा साठत जाते आणि ठरलेला साठा झाला की पाळी मिळते, तिथे गती दहाने वाढली की सामान्य पात्राच्या दुप्पट पाळ्या मिळतात. ‘डंजन क्रॉल’ आणखी पुढे जातो. त्यातला नाग वंशाचा नायक चालतो संथ, पण वार नेहमीच्याच वेगाने करतो. चालणे आणि मारणे यांचे हिशेब वेगळे ठेवण्याची ही कल्पना या प्रकारातली सर्वांत सुंदर म्हणावी लागेल.

बुद्धिबळात प्रत्येकाला एका वेळी एकच पाळी मिळते, त्यामुळे गतीचा फरक मोहऱ्यांच्या चालींत असतो. रिकाम्या पटावर एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जायला वजिराला एक चाल पुरते, हत्तीला दोन, घोड्याला सहा आणि राजाला सात. वजीर पूर्वी असा नव्हता. अरबी शतरंजात तो तिरपे एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आणि उंटाला आजची लांब धाव मिळाली आणि सारा खेळच वेगवान झाला.

आपल्याकडच्या देशी पद्धतीने लांब पल्ल्याचा वजीर घेतला, पण प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे दिली नाहीत. किल्लेकोटाऐवजी, एकदाही शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी मिळे. पल्याड पोचलेले प्यादे ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीचे मोहरे होई. बारकाव्यांत ठिकठिकाणी फरक होते, पण प्याद्याची एका घराची चाल हा मुख्य नियम. त्याचा परिणाम शेवटच्या डावात स्पष्ट दिसतो. पांढऱ्याचे प्यादे डाव्या टोकाच्या पट्टीत मूळ घरात आहे, काळा राजा पलीकडच्या शेवटच्या ओळीत उजवीकडून दुसऱ्या घरात आहे, अडवायला दुसरे कोणी नाही आणि पाळी पांढऱ्याची. आंतरराष्ट्रीय नियमांनी प्यादे पाच चालींत वजीर होते आणि राजाला पोचायला उशीर होतो. देशी नियमांनी सहा चाली लागतात, आणि राजा शेजारी येऊन ते नवे मोहरे मारतो. एका चालीच्या फरकाने जिंकलेला डाव हातचा जातो.

सुरुवातीच्या खेळ्यांवरही प्याद्याच्या या संथ चालीची छाप होती. दोन्ही सैन्ये लगेच भिडत नसत. आपापल्या बाजूला नीट रचना करायला उसंत मिळे. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात जॉन कॉक्रेनशी खेळणाऱ्या महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्या डावांत ही शैली दिसते आणि ‘किंग्ज इंडियन’ या बचावाच्या नावात ती राहिली आहे. तिला मागासलेली समजणे अन्यायाचे आहे. देशी पद्धतीत घडलेल्या मीर सुलतान खानने नंतर नवे नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले.

प्याद्याला दोन घरे देणारे युरोपीय नियम मुंबईत छापील रूपात फार लवकर आले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा, युरोपीय पद्धतीसाठी बेतलेला इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये इथेच छापला गेला. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, याच नियमांनी खेळणाऱ्या, याच शहरातल्या गिरगावातून वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी आल्या. त्यांचे वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक होते. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढे दशकभर हे विजेतेपद तिघी बहिणींतच फिरत राहिले. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा उठलेला वाद जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांच्यापर्यंत गेला आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय झाला.

स्पर्धांतून देशी पद्धत गेली; घरगुती डावांत ती अजून भेटते. तिथे पट मांडल्यावर पहिल्या खेळीआधी विचारून घ्यावे लागते, ‘प्यादं एक घर की दोन?’